दाद न देणारा क्षय

क्षयावर औषध सापडले तेव्हाच ते निकामी कसे होते हेही माणसाला कळले. त्या इतिहासाकडे मी कामगार चळवळीतला माणूस या नात्याने पाहतो.

१९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतील सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळविले. १९४७ साली ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांवर त्याची पारख सुरू झाली. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ दगावले, दुसऱ्यातील १४. पण पाच वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा मृतांचे आकडे ३२ आणि ३५ असे निघाले!

असे का व्हावे? कोट्यवधी जंतूंत थोडे मूळचेच त्या औषधाला दाद न देणारे असतात. बाकीचे मरतात, यांना रान मोकळे मिळते. रुग्णाच्या थुंकीतील जंतू औषध मिसळलेल्या खाद्यावर वाढवून पाहिले, तेव्हा हे उघड झाले. उपायही त्यातूनच निघाला. दोन औषधे एकदम द्यावीत. एकाला न जुमानणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. पास या औषधाची जोड दिल्यावर दाद न देणारे जंतू पुष्कळच कमी आढळले.

पण वर्षभर औषधे गरिबाने घ्यावीत कशी? उत्तर मद्रासने दिले. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या केंद्राने १९३ गरीब रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात, काहींना घरीच औषधे दिली. १९५९ सालच्या अहवालाप्रमाणे दोहोंचा गुण जवळजवळ सारखाच आला. मात्र औषध फुकट होते, अखंड होते आणि घरी जाऊन विचारपूस होत होती.

आज रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू यंत्र सुमारे दोन तासांत ओळखते. पण खोकला थांबला की रोजंदारीचा माणूस औषध सोडतो, कारण दवाखान्याची रांग म्हणजे बुडालेला रोज. त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. राज्य विम्यात क्षयासाठी दीर्घ मुदतीचा आजारभत्ता आहे. पण ज्याचे नावच हजेरीपटावर नाही, त्याने तो मागावा कोणाकडे? आणि त्याच्या छातीत उरलेला जंतू, आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या शेजाऱ्याला गाठतो. म्हणून औषधाबरोबर बुडत्या रोजाची भरपाई मागणे, हाही रोगनिवारणाचाच भाग होय.