माथा ते पायथा (मृद व जलसंधारण)

माथा ते पायथा हे पाणलोट क्षेत्रातील मृद व जलसंधारणाच्या नियोजनाचे सूत्र आहे. टेकडीचा माथा, उतारावरील शेतजमिनी आणि सरतेशेवटी नाला या क्रमाने उपचार करावेत, असे त्यात अभिप्रेत असते. येथे नियोजनाचे एकक एका खातेदाराचे शेत नसून संपूर्ण पाणलोट हे असते; वरच्या शिवारातून मोकाट सुटलेले पाणी खालच्या शेतकऱ्याचा मजबूत बांधही फोडते.

उपचारांचा क्रम

माथ्यावर सलग समतल चर खोदून चराईबंदी केली जाते आणि ओघळींत अनघड दगडी बांध घालतात. त्यानंतर शेतांची बांधबंदिस्ती होते. नाल्यातील माती वा सिमेंटचे बंधारे शेवटी येतात. हा क्रम उलटल्यास वरून वाहून येणारा गाळ बंधाऱ्यात साचतो व त्याची साठवणक्षमता घटते. २०१४ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या जलयुक्त शिवार अभियानावर, माथ्यावरील कामांपेक्षा नाला खोलीकरणास अधिक महत्त्व दिल्याची टीका झाली, ती याच कारणाने.

शेतजमिनीवरील उपचार

कमी पावसाच्या प्रदेशातील हलक्या व मध्यम जमिनींत समतल बांध उपयुक्त ठरतात. खोल काळ्या जमिनीत मात्र पाणी अतिशय सावकाश मुरते. तेथे समतल बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, जमीन चिबड होऊन पीक पिवळे पडते आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून बांध फुटतो. अशा जमिनीत ढाळीचे बांध घालून जादा पाणी गवत लावलेल्या चरीने नाल्यात सोडावे लागते. उताराला आडवी पेरणी दोन्ही प्रकारच्या जमिनींत, तर रुंद वरंबा सरी मुख्यतः काळ्या जमिनीत पूरक ठरते.

प्रत्यक्षात खरी अडचण हद्दीची असते. बांधाखाली जमीन जाते, म्हणून समतल रेषा सोडून तो शेताच्या हद्दीवर घालण्याचा आग्रह धरला जातो. असा बांध जोरदार पावसात सखल जागी फुटतो. वैयक्तिक हद्दी ओलांडून सामायिक योजना राबविता यावी, यासाठी मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, १९४२ संमत झाला होता.

वन्यजीव

बांधावरील गवत, बोर व बाभूळ यांमुळे पक्षी, मुंगूस आणि परागीभवन करणाऱ्या कीटकांना आसरा मिळतो. माळरानांच्या बाबतीत मात्र नियोजन अनेकदा फसते. महसुली नोंदीत ‘पडीक’ ठरलेले माळ हा काळवीट, लांडगा व माळढोक यांचा अधिवास असतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसर अशाच माळांसाठी ओळखला जातो आणि तेथील माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. उघड्या गवताळ माळावर सरसकट चर खोदून दाट वृक्षलागवड केल्यास माती अडते, परंतु माळढोकाला लागणारी मोकळी जागा नाहीशी होते. त्यामुळे आराखडा करताना गवताळ माळ स्वतंत्रपणे नोंदवून तेथे केवळ चराईचे नियंत्रण ठेवणे अधिक योग्य ठरते.