पाच स्वरांची तबकडी : ‘मुलातू ऑफ इथिओपिया’

१/८
१९७२ साली न्यूयॉर्कमध्ये सात रचनांची एक जॅझ तबकडी निघाली : ‘मुलातू ऑफ इथिओपिया’. २०१७ मध्ये लंडनच्या ‘स्ट्रट’ या कंपनीने ती पुन्हा विनाइलवर आणली. जॅझची आफ्रिकी मुळे म्हटली की बहुतेकांना ढोल आणि ताल आठवतात. या तबकडीत ती मुळे प्रामुख्याने स्वरांत सापडतात. ती कशी, ते पाहू.

२/८
मुलातू अस्तात्के यांचा जन्म १९४३ चा, इथिओपियातील जिम्मा या गावचा. अभियंता व्हावे म्हणून घरच्यांनी त्यांना वेल्सला शिकायला पाठवले; ते वळले संगीताकडे. लंडनमधील शिक्षणानंतर त्यांनी बॉस्टनचे बर्कली गाठले. पुढे न्यूयॉर्कमध्ये लॅटिन संगीताच्या वातावरणात १९६६ साली ‘ॲफ्रो-लॅटिन सोल’चे दोन भाग काढले.

३/८
परक्या संगीतावर हुकमत आली, तरी स्वतःच्या देशाचे संगीत जॅझमध्ये कसे आणायचे, हा प्रश्न उरला होता. इथिओपियाच्या पठारी प्रदेशातील संगीत ‘किन्यित’ या स्वरव्यवस्थेवर उभे आहे. तिझिता, बाती, अंबासेल आणि अंचिहोये हे तिचे चार प्रमुख प्रकार. प्रत्येकात पाचच स्वर. ‘तिझिता’ या शब्दाचा अर्थ आठवण.

४/८
तिझिताच्या एका रूपाचे स्वर आहेत सा, रे, ग, प, ध. मराठी श्रोत्याला लगेच भूप आठवेल. पण हेच स्वर देशकारचेही आहेत, आणि दोघांतला भेद चलनातून कळतो. तिझिताचेही तसेच. स्वर तेच असले, तरी त्याची ओळख त्याच्या स्वतःच्या वळणांत आहे.

५/८
खरी अडचण येथेच होती. जॅझची स्वरसंगती बारा स्वरांतून बांधली जाते. भूपात मध्यम-निषाद डोकावले की भूप उरत नाही. तसेच सुरावटीखाली बेफिकीरपणे स्वरसमूह ठेवला, तर किन्यित हरवते. मुलातूंनी सुरावट किन्यितमध्ये ठेवली आणि तिला धक्का लागणार नाही अशी साथ तिच्याभोवती रचली. या संगीताला त्यांनी ‘इथिओ-जॅझ’ म्हटले.

६/८
रचनांची नावेही तिथल्या मातीतली. ‘मस्करम सेताबा’मधील मस्करम हा इथिओपियन वर्षाचा पहिला महिना, ‘देवेल’ म्हणजे घंटा, तर ‘कुलुनमानक्वालेशी’ मूळचे पारंपरिक लग्नगीत.

७/८
सप्टेंबर १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी यांना पदच्युत करून ‘देर्ग’ या लष्करी गटाने सत्ता घेतली. संचारबंदीने आदिस अबाबाचे रात्रीचे संगीतजीवन गारठले. अनेक कलावंतांनी देश सोडला. मुलातू मात्र तिथेच राहिले. देर्गची राजवट १९९१ मध्ये संपली. १९९८ साली ‘एथिओपिक’ या फ्रेंच मालिकेचा चौथा खंड त्यांच्या संगीताला वाहिलेला निघाला, आणि २००५ च्या ‘ब्रोकन फ्लॉवर्स’ या चित्रपटामुळे ते जगभर पोहोचले.

८/८
२०१७ च्या विशेष आवृत्तीत स्टिरिओसोबत तोवर अप्रकाशित असलेले मोनो मिश्रण आणि स्टुडिओतील वगळलेले तुकडेही आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला ते एखाद्या ग्रंथाच्या खर्ड्यांइतकेच मोलाचे. मात्र अशा पुनर्प्रकाशनांना ‘हरवलेल्या संगीताचा शोध’ म्हणताना थोडे थांबावे. तबकडी दुर्मीळ झाली होती. पण ते लग्नगीत तबकडीच्या आधीही गायले जात होते, आणि ज्यांचे ते होते त्यांच्यासाठी ते कधी हरवलेच नव्हते.