दर्या, दऱ्या आणि मुक्त अक्षरे

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली आहे: इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ स्वातंत्र्याचा आहे, किमतीचा नव्हे. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आहेत. तरीही वसई-विरारच्या शिक्षकवर्गात लिनक्सचा विषय निघाला की पहिला उद्गार 'फुकटचे ते' असाच येतो. साहित्याच्या अभ्यासकांना या मुक्ततेशी काय कर्तव्य, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

'ख्रिस्तपुराण'कार थॉमस स्टीफन्स याने ५ डिसेंबर १६०८ रोजी गोमंतकातून आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांना पत्र लिहिले. येथील भाषेतील पुस्तके येथील लिपीतच छापली जावीत, ही अनेक वर्षांची इच्छा त्याने त्यात मांडली. रोमन लिपीचे काम चोवीस अक्षरांत भागते, तर या लिपीला सुमारे सहाशे खिळे लागतील, ही अडचणही त्याला ठाऊक होती आणि ती संख्या दोनशेच्या आत आणता येईल असा त्याचा हिशेबही होता. तो हिशेब कागदावरच राहिला. १६१६ साली राचोलला 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीत. पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांतून. लोकांनी ते हाताने उतरवून घेतले, कारण उतरवून घ्यायला लेखणी आणि अक्षरओळख यांखेरीज काही लागत नव्हते.

संगणकावर आलेल्या मराठीची पहिली काही वर्षे नेमकी याच्या उलट गेली. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते. बाजारातील बहुतेक टंक मात्र आपापल्या खासगी संकेताने चालत. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवायची, एवढीच ती युक्ती. पडद्यावर 'क' दिसे, पण यंत्राच्या लेखी ते कुठलेतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की सगळा मजकूर अर्थहीन चिन्हांचा ढीग होऊन समोर येई. त्या काळातील एका प्रबंधिकेची सीडी आमच्या विभागात आहे. टंकलेखन करून देणारे दुकान केव्हाच बंद झाले. लेखन विद्यार्थिनीचे, पण ते वाचण्याची किल्ली टंकाच्या मालकाकडे! आमच्या मते डिजिटल स्वातंत्र्याचा प्रश्न मराठीच्या वर्गात सुरू होतो तो इथे.

युनिकोडने ही कोंडी बरीचशी फोडली आणि मुक्त प्रणालींनी ती सोडवणूक सर्वांच्या आवाक्यात आणली. २००० साली मुंबईत 'इंडलिनक्स'चे काम सुरू झाले. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' टंक मुक्त परवान्याखाली दिले. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे उदाहरण तर साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. मायक्रोसॉफ्टचा 'मंगल' त्यांचा आणि मुक्त परवान्यातला 'रघु'ही त्यांचाच. हात एकच, पण 'मंगल' केवळ वापरता येतो, 'रघु' उघडून, बदलून पुढे देताही येतो.

बदलण्याची गरज कुठे पडते? समुद्रकाठच्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही 'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी देतो. दुसऱ्या शब्दातील आडवा रफार हिंदीत नाही. त्यामुळे हिंदीच्या मापाने शिवलेल्या देवनागरीत तो वारंवार अडखळला. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती रूढ झाल्या: एक नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून, दुसरी साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. शोध घेणारी आज्ञावली दोहोंचा मेळ घालणारी नसेल, तर एका रीतीने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या रीतीने शोधताना सापडत नाही. उद्या कोणी एखाद्या लेखकाची शब्दसूची यंत्राकडून करून घेतली, तर अर्धे 'वारे' गळतील आणि कोणाला कळणारही नाही. मुक्त आज्ञावलीत हा नियम उघडून पाहता येतो, दुरुस्तही करता येतो. अर्थात युनिकोडचे निर्णय जिथे होतात तिथे मराठीच्या प्राध्यापकांना कोणी बोलावत नाही. मुक्त प्रणालीने तेवढे साधत नाही.

विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, तेव्हा आमच्याकडची जुनी यंत्रे सुस्थितीत होती. त्यांवर आम्ही हलकी लिनक्स प्रणाली बसवली. शुद्धलेखन तपासणारे 'हनस्पेल' मूळचे हंगेरियनसाठी लिहिलेले. प्रत्ययांनी लांबत जाणाऱ्या त्या भाषेची सोय आपल्या विभक्तींच्याही कामी येते. त्याचा शब्दसंग्रह ही साधी मजकुराची फाइल असल्याने, ज्यांच्या घरी कादोडी बोलली जाते असे विद्यार्थी तीत आपले शब्द घालतात. ते कसे लिहावेत यावर मात्र त्यांचे एकमत होत नाही, म्हणून सध्या एकेका शब्दाची दोन-दोन रूपे नोंदलेली आहेत. छपाईयंत्र अधूनमधून हटून बसते, ते वेगळेच.