पुस्तक उघडून बसा आणि पेपर लिहा!

परवा माळा आवरताना माझं दहावीचं सायन्सचं जर्नल सापडलं. सगळी 'निरीक्षणं' शेजारच्या बाकावरून उतरवलेली. लोलक कधी हातात धरलेला आठवत नाही, पण मार्क मात्र झक्कास! (तुमचंही थोड्याफार फरकाने हेच असणार, लावा पैज.)

हा खेळ मोडायचा एक जबरदस्त प्रयत्न मध्य प्रदेशात झाला होता. १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान नव्याने शिकवायला घेतलं. चार-चार पोरांची टोळी करायची, प्रयोग करायचा, दिसेल ते वहीत लिहायचं. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. पोरं 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहून शंका विचारायची.

पण खरी गंमत परीक्षेत. पुस्तक आणि वही उघडून पेपर लिहायचा, शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी. आता घोकणार काय, कप्पाळ? जे तपासलं जातं तेच पोरं मनापासून करतात, हे या मंडळींनी अचूक ओळखलं होतं.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतला एक इंजिनिअर वर्षभराची रजा घेऊन तिथे गेला आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे काड्यापेटीच्या काड्यांना जोडून भूमिती शिकवायला लागला. तेच आपले अरविंद गुप्ता! पुढे १९८२ मध्ये या कामासाठी 'एकलव्य' संस्था उभी राहिली.

आणि २००२ मध्ये राज्य सरकारने सगळं बंद केलं. तक्रार काय, तर ही पोरं दहावीच्या बोर्डात मागे पडतात.

इथेच मी अडकतो. आठवीपर्यंत प्रश्न विचारायला शिकवायचं आणि दहावीला पाठांतर तपासायचं, मग नापास नक्की कोण झालं? आपल्या भाषेत सांगायचं तर, टेस्ट केसच चुकीची होती. कोड डिलीट करून बग थोडाच जातो!

पण पालकही चुकीचे नव्हते हो. दहावीचे मार्क म्हणजे पोराची पुढची वाट, ती कोण पणाला लावेल? मी लावली असती का, कोण जाणे.

असो. जर्नल रद्दीत टाकलं. लेकीला मात्र उद्या दोरा आणि नट देऊन लोलक करायला बसवणार आहे.