गेममधल्या गटांच्या गोष्टीवर खेळाडू एवढे का चिडतात? समजून घ्या नगरच्या किल्ल्यावरून

मालिकेतलं आवडतं पात्र अचानक वेड्यासारखं वागायला लागलं, तर आपण चॅनल बदलतो. ऑनलाइन गेममध्ये तसं करता येत नाही. तिथे ते पात्र तुमच्या गटाचं प्रमुख असतं, हुकूम पाळायचा तुम्ही आणि नंतर बोलणी खायची तीही तुम्हीच.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेमच्या बऱ्याच खेळाडूंचा राग नेमका हा आहे. तो समजून घेऊ, आणि खरी गटबाजी कशी असते हे पाहायला १५९५ च्या अहमदनगरमध्येही डोकावू.

गेम काय आहे?

ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. अॅझेरॉथ नावाच्या काल्पनिक जगात हजारो लोक एकाच वेळी खेळतात. त्यासाठी दरमहा पैसे भरावे लागतात.

पात्र तयार करतानाच गट ठरतो. अलायन्समध्ये माणसं, ड्वार्फ, नाइट एल्फ वगैरे. होर्डमध्ये ऑर्क, ट्रोल, टॉरेन, अनडेड वगैरे. एकदा गट ठरला की सोबतीही ठरले. कित्येक वर्षं समोरच्या गटातल्या खेळाडूशी गेममध्ये धड बोलताही येत नव्हतं.

होर्ड म्हणजे वाईट लोक, असं मात्र नव्हतं. घरदार सुटलेल्या, हाकललेल्या जमातींनी एकत्र येऊन स्वतःची जागा शोधली, अशी त्यांची गोष्ट होती. म्हणूनच लाखो लोकांनी हा गट आपला मानला.

ठिणगी कुठे पडली?

२०१८ मध्ये 'बॅटल फॉर अॅझेरॉथ' हा नवा भाग आला. त्याच्या तोंडावर होर्डची प्रमुख सिल्वानस विंडरनर हिने नाइट एल्फांवर चढाई केली. टेल्ड्रासिल हे त्यांचं घर, एका अवाढव्य झाडावर वसलेलं. ते जिंकून ताब्यात घ्यायचं, असं ठरलं होतं. होर्डचे खेळाडू त्या मोहिमेत लढले आणि शेवटी सिल्वानसने झाड जाळून टाकायचा हुकूम दिला. आत सामान्य माणसं होती. अलायन्सच्या खेळाडूंना त्यांना वाचवायचं काम मिळालं, पण सगळ्यांना वाचवणं शक्यच नव्हतं.

दोन्ही गट चिडले. अलायन्सवाल्यांचं घर गेलं होतं. होर्डवाले म्हणाले, हे आम्ही कधी निवडलं होतं?

तक्रारी नेमक्या कोणत्या?

१. तेच ते. याआधी गॅरोश हेलस्क्रीम या होर्डच्याच प्रमुखाने थेरामोर शहर बेचिराख केलं होतं. २०१३ मध्ये तोच शेवटचा शत्रू झाला आणि दोन्ही गटांनी मिळून त्याला पाडलं. पाच वर्षांत पुन्हा तोच साचा.

२. नावापुरती निवड. पुढे होर्डच्या खेळाडूंना विचारलं गेलं, सिल्वानसच्या बाजूने की तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सॉरफँगच्या? उत्तर काहीही द्या, शेवट एकच. सॉरफँग द्वंद्वात मरतो आणि सिल्वानस होर्डला झिडकारून निघून जाते.

३. कारण उशिरा. तिने हे का केलं, याचा खुलासा २०२० च्या 'शॅडोलँड्स'मध्ये झाला. ती तर 'जेलर' नावाच्या भलत्याच खलनायकासोबत काम करत होती. म्हणजे दोन गटांच्या युद्धाचं खरं कारण त्या दोन गटांत नव्हतंच.

असं लिहिलं का जातं?

यामागे धंद्याची अडचण आहे. दोन्ही गटांचे खेळाडू पैसे भरतात, त्यामुळे कुठलाच गट कायमचा जिंकू किंवा हरू शकत नाही. युद्ध पेटवायचं असतं, पण संपवताना पुन्हा बरोबरीवर यायचं असतं. मग सोपा मार्ग उरतो. एका प्रमुखाला माथेफिरू करायचं, सगळा दोष त्याच्यावर टाकायचा आणि दोन्ही गटांना एखादा मोठा शत्रू द्यायचा.

मग खरी गटबाजी कशी असते?

१५९५ मध्ये निजामशाहीचा सुलतान बुऱ्हाण दुसरा वारला. त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरशी लढताना मारला गेला. गादीवरून चार गट पडले:

- दख्खनी सरदारांचा पुढारी मियाँ मंजू याने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवलं. हा राजघराण्यातला नाही, असा आक्षेप निघाला.
- हबशी सरदार इखलासखानाने मोती नावाचा दुसरा मुलगा पुढे केला.
- चांदबिबी इब्राहिमच्या तान्ह्या बहादूरच्या पाठीशी उभी राहिली.
- नेहंगखानाने पहिल्या बुऱ्हाणाचा म्हातारा मुलगा शाह अली याची बाजू घेतली.

कोंडीत सापडलेल्या मियाँ मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावलं. मोगल येईपर्यंत त्याला पश्चात्ताप झाला, पण वेळ गेली होती. किल्ला चांदबिबीने लढवला. सुरुंगाने तट फुटला तर तिने रातोरात तो बांधून घेतला. १५९६ च्या तहात वऱ्हाड गेलं, पण बहादूरची गादी वाचली. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. या वेळी ती तहाची बोलणी करायच्या बाजूने होती. ती फितूर झाली, या संशयावरून तिच्याच लोकांनी तिला मारलं. लवकरच किल्लाही पडला.

यात वेडं कोणीच नाही. मियाँ मंजूची चूक राज्याला भोवली, पण त्याने ती का केली हे कळतं. चांदबिबीला मारणाऱ्यांना ती भीती का वाटली, हेही कळतं. कोणाचीही बाजू घेऊन ही गोष्ट सांगता येते. खेळाडू मागतात ते एवढंच: आपला गट हरला तरी चालेल, पण आपण तिथे का होतो, याला काही अर्थ असावा.

पुढे काय झालं?

२०२२ पासून दोन्ही गटांच्या खेळाडूंना बऱ्याच मोहिमा एकत्र खेळता येऊ लागल्या. २०२३ मध्ये संघही एकत्र करता आले. भिंत खाली आली, पण जळलेल्या झाडाचा वाद खेळाडूंमध्ये अजून निघतो.

आपल्याकडेही हा प्रश्न येणार आहे. पुण्यातल्या स्टुडिओंनी 'राजी' (२०२०) आणि 'इंडस' (२०२४) असे गेम आणलेत. उद्या कोणी दख्खनच्या सुलतानांवर ऑनलाइन गेम काढला, तर एक गट चांगला आणि एक वाईट करून टाकणं सोपं जाईल. त्याआधी लिहिणाऱ्याने एकदा नगरच्या किल्ल्याला चक्कर मारलेली बरी.