अंगानं बारीक, पोटानं मोकळं

उंच, सडपातळ अक्षर मला फार आवडतं. माझ्या कमरेचा घेर पाहून कोणी याला मत्सर म्हणेल, तर म्हणो बापडा! पण बँकेतल्या कारकुनाचा जन्म जागेच्या टंचाईतच जातो. रकाना दोन बोटं रुंद आणि खातेदार म्हणजे नाव, बापाचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची गाडी.

गाडीवरून आठवलं. आमच्या रोहण्यावरून पुलगाव-आर्वी नॅरोगेज जायची. १९१७ साली सुरू झालेली, आता बंद पडलेली. रूळ अडीच फुटांवर. पण कोणी मोठ्या गाडीचे डबे दोन्हीकडून दाबून ते त्या रुळांवर बसवले नव्हते. ते मुळातच त्या मापाचे बांधले होते. अरुंद अक्षराचं सारं शास्त्र एवढंच आहे.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईत जावजी दादाजी चौधरींनी १८६४ साली खिळे ओतायला घेतले, १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. अक्षरं कोरायला राणोजी रावजी आरू. आधी पोलादावर अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, मग त्यात शिसं ओतायचं. अक्षर बारीक हवं? पुन्हा कोरा! इंग्रजांचं बरं होतं, सव्वीस अक्षरांत संसार. जाहिरातींसाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकातच चिंचोळे टाईप पाडले. आपल्याकडे काना, मात्रा, जोडाक्षरं धरून खिळे शेकडो. ते कमी करायला खुद्द टिळकांनी डोकं घातलं होतं! तेव्हा दुकानाच्या चिंचोळ्या पाटीवर लांबलचक नाव बसवण्याचं काम पेंटरच्या कुंचल्याकडे आलं, आणि त्यानं ते हसत केलं.

मग संगणक आला. आता कोणीही अक्षराचे कान धरून त्याला दोन्हीकडून दाबतो. उभ्या रेघा रोडावतात, शिरोरेघ मात्र होती तेवढीच जाड. अंगावर मांस नाही आणि डोक्याला भरजरी पागोटं! त्यात ‘ध’ची गाठ बुजते आणि धोट्यांचे घोटे होतात. वर्धा जिल्ह्यात हा विनोद नाही. कर्जाच्या कागदावर बोट ठेवून म्हातारा विचारतो, “मी धोटे आहो जी, हे घोटे कोण?” त्याच्यापुरता तो सात-बाराचा प्रश्न असतो.

म्हणून अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचं मला कौतुक. २००९ साली निघालेल्या या मंडळींनी २०१४ मध्ये ‘खंड’ आणि ‘तेको’ ही अरुंद देवनागरी वळणं सर्वांना फुकट दिली. ‘खंड’ पाहा. रेघा जवळजवळ सारख्या जाडीच्या, अंग आटोपशीर, पण अक्षराच्या पोटातली जागा मोकळी. मथळा, पोस्टर, पाटी, कुठेही ऐटीत उभं राहतं. पानभर मजकूर मात्र त्यात लावू नये. लग्नाच्या शेरवानीत कोणी शेत नांगरत नाही.

थोडक्यात, जागा कमी पडली की बाहेरून अंग चोरावं, आतली जागा सोडू नये. माझं पोट नेमकं याच्या उलट वागतं, पण ते टाईपात मोडत नाही.