‘तैल’ शब्द आणि खापरांची साक्ष

‘तैल’ म्हणजे मूळ अर्थाने तिळाचा स्नेह. पुढे मोहरी, करडई, एरंड ह्यांच्या स्नेहासही तेच नाव मिळाले. तमिळ ‘एण्णेय्’ची घडणही अशीच आहे : ‘एळ्’ म्हणजे तीळ व ‘नेय्’ म्हणजे तूप. एका भाषेने दुसरीचे अनुकरण केले असेलही. तथापि दोन भिन्न भाषाकुलांत हा मान तिळालाच मिळावा, ह्यावरून तिळाच्या तेलाची प्राचीनता अनुमानिता येते. माधोस्वरूप वत्स ह्यांच्या १९४० मधील हडप्पा-उत्खननाच्या वृत्तान्तात जळालेल्या तिळांच्या गोळ्याची नोंद आहे. परंतु तीळ सापडणे म्हणजे तेल सापडणे नव्हे. त्याची साक्ष भांड्यांकडेच मागावी लागते.

भाजलेली माती मुख्यतः सिलिका व सिलिकेटे ह्यांची बनलेली असून तिच्यात असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. रंध्रांच्या पृष्ठभागी सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. स्निग्धाम्लाच्या रेणूचे आम्लधर्मी टोक हायड्रोजन-बंधाने त्यांना चिकटते. कार्बनची लांब साखळी मोकळी राहते. हेच अधिशोषण. रेणू पृष्ठावर बसतो, म्हणून ‘अधि’ हा उपसर्ग सार्थ होय. अशा रंध्रांत दडलेला स्नेह जंतू व पाणी ह्यांपासून पुष्कळसा बचावतो, आणि सहस्रावधी वर्षांनंतरही विद्रावकाच्या साहाय्याने काढून घेता येतो.

मात्र सर्व स्नेह सारखे टिकत नाहीत. तिळाच्या तेलात चार-पंचमांशांहून अधिक भाग ओलेइक, लिनोलेइक अशा असंतृप्त आम्लांचा असतो. ती हवेतील प्राणवायूने लवकर विघटित होतात. मागे उरतात ती पामिटिक व स्टिअरिक आम्ले, आणि ती तर प्राण्यांच्या चरबीतही असतात. म्हणून त्यांतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून स्नेहाचे कूळ ठरवितात.

राखीगढी, आलमगीरपूर, तसेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेले फर्माणा इत्यादी स्थळांवरील हडप्पाकालीन खापरांचे असे विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झाले. स्नेहांश अल्प मिळाला. समस्थानिकांची मूल्ये बहुतांशी रवंथ न करणाऱ्या प्राण्यांच्या चरबीशी जुळली. ह्यावरून सिंधुसंस्कृतीस तेल अपरिचित होते असे मानणे उतावीळपणाचे होईल. वनस्पतिजन्य पदार्थ आणि गाई-म्हशींची चरबी एकाच भांड्यात, मग ती वेगवेगळ्या दिवशी का असेना, शिजली असल्यासही अशीच मूल्ये मिळू शकतात. आणि ही शक्यता खुद्द त्या संशोधकांनीच विचारात घेतली आहे.